अस्तंब्याची चढण

दिवाळी जवळ आली की खानदेशात अस्तंब्याचं नाव निघतं. धडगाव तालुक्यातलं हे सातपुड्याचं शिखर 1325 मीटर उंच. धनत्रयोदशीच्या सुमारास तिथे यात्रा भरते. आदिवासी तरुण झेंडे घेऊन रानवाटेने पायी चढतात. वर अश्वत्थाम्याचं ठाणं आहे. कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत तो याच डोंगरांत फिरतो, असं लोक आजही सांगतात. आम्हा रावेरकरांना हाच अश्वत्थामा बऱ्हाणपूरपलीकडे असीरगडावरही भेटतो.

चढणारा दमतो, हे सगळीकडे सारखंच. आल्प्समध्ये स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या लावून बर्फाचा चढ चढतात आणि दमलेला माणूस डोंगरातल्या झोपडीत टेकतो. स्विस अल्पाइन क्लबची स्थापना 1863 सालची, आणि क्लबची पहिली झोपडीही त्याच वर्षी उभी राहिली. अस्तंब्याच्या चढणीवरही थकल्याभागल्या यात्रेकरूसाठी साधा निवारा आणि पिण्याचं पाणी यांची सोय वाढायला हवी. शिखरापर्यंत डांबरी रस्ता मात्र कुणी मागू नये. छाती भरून येणारी ती चढण हीच तर यात्रा आहे, आणि ती पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे आदिवासी समाजाने. सोयी ठरवताना पहिला शब्द त्यांचाच असावा.