घरपट्टीची नोटीस आली? हरकत लिहूनच द्या!

शहरातील घरमालक, दुकानदार आणि भाडेकरू बंधू-भगिनींनो,

चतुर्वार्षिक आकारणीच्या नोटिसा घरोघर पोहोचल्या आहेत. चौकाचौकांत संताप आहे आणि तो रास्त आहे. पण नगरपरिषदेच्या आवक-जावक टेबलावर त्यातला फार थोडा पोहोचला आहे. तोंडी तक्रारीची नोंद होत नाही, आणि नोंद नसलेल्या तक्रारीवर सुनावणीही होत नाही.

कर भरायला आमचा विरोध नाही. नळाचे पाणी, दिवाबत्ती, गटारसफाई यांना पैसा लागतो. विरोध आहे तो चुकीच्या मोजमापाला. ठेकेदाराची माणसे आली, दारातून नजर टाकून गेली. आता यादीत पत्र्याची शेड आरसीसी झाली आहे, घरमालक स्वतः राहतो ते घर भाड्याने दिलेले दाखवले आहे, उघडी गच्ची खोली म्हणून धरली आहे.

एका गच्चीची किंमत पाहा. समजा, 300 चौरस फूट जादा धरले आणि दर महिना 2 रुपये चौरस फूट लावला. वर्षाचे भाडे 7,200 रुपये. कायद्याप्रमाणे दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा केले की करयोग्य मूल्य 6,480. सर्व कर मिळून 25 टक्के धरले तर दरसाल 1,620 रुपये, चार वर्षांत 6,480. जी खोली बांधलेलीच नाही, तिच्यासाठी!

काही पुढारी सांगत फिरत आहेत, ‘भरू नका, आम्ही स्थगिती आणतो.’ त्यांच्या भरवशावर राहू नका. स्थगिती म्हणजे रद्द नव्हे. ती उठली की थकबाकी एकदम दारात येते आणि थकलेल्या रकमेवर दरमहा 2 टक्के शास्ती चढते. ती पुढारी भरणार नाहीत.

नगरपरिषद अधिनियम, 1965 प्रमाणे आकारणी यादी विनामूल्य पाहण्याचा आणि तिचे उतारे घेण्याचा अधिकार मालकाला आहे, भोगवटादारालाही आहे. यादी पाहा. स्वतः टेप लावून घर मोजा. क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, वापर, बांधकामाचे वर्ष यांतले काय चुकले ते नेमके लिहा. नुसते ‘कर जास्त आहे’ लिहिलेला अर्ज फेटाळायला सोपा जातो. मुख्याधिकाऱ्यांच्या नावे अर्ज करा, बांधकाम परवानगी आणि जुन्या पावतीची प्रत जोडा, आणि आवक क्रमांक व शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय कचेरीतून हलू नका. नोटिशीतली मुदत गेली, यादी कायम झाली, की अपिलाची वाट उरते. ती खर्चाची आणि वेळखाऊ आहे.

लिहून भांडल्याने काय होते, असे विचारणाऱ्यांनी मुंबईकडे पाहावे. भांडवली मूल्यावर कर लावताना तिथल्या महापालिकेने भूखंडावर पुढे होऊ शकणारे बांधकामही हिशेबात घेतले. मालमत्ताधारक न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाने 2019 मध्ये ते नियम रद्द केले आणि नोव्हेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला.

आमची नगरपरिषदेकडे मागणी आहे: प्रत्येक नोटिशीसोबत मोजणीचा तक्ता द्या, सुनावण्या प्रभागात घ्या, आणि हरकतीचा निर्णय कारणांसह लेखी कळवा.

शेजारच्या आजी-आजोबांना अर्ज लिहिता येत नसेल तर तो तुम्ही लिहून द्या. मुदत संपण्याआधी प्रत्येक चुकीच्या नोटिशीवर एक हरकत दाखल झालीच पाहिजे!

— शहरातील करदाते नागरिक