‘मुलांमुलांचं भांडण’



आमच्या केंद्रात दर शनिवारी दुपारी बायका जमतात. गेल्या पावसाळ्यात एकीनं जो विषय काढला तो नवऱ्याचा नव्हता, सासूचाही नव्हता. तिची मुलगी सहावीत. वर्गातली तीन-चार मुलं तिच्या मागे लागलेली. डबा सांडायचा, वेणी बाकाला बांधायची, बापाच्या कामावरून पाडलेलं नाव फळ्यावर लिहायचं. एक दिवस जिन्यावरून ढकललं. मनगट मोडलं. आई शाळेत गेली तर मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, “मुलांमुलांचं भांडण आहे, मिटवून टाका.” मग मुलीला दुसऱ्या तुकडीत बसवलं. मुलं होती तिथंच राहिली. थोड्याच दिवसांत मुलगी शाळेत जाईनाशी झाली, आणि घरात बोलणं सुरू झालं, “नाहीतरी वयात येतेय, राहू दे घरी.”

हे ऐकताना मला एकसारखं वाटत होतं, हे वाक्य आपण कुठंतरी ऐकलंय. कुठं ते उमगायला वेळ लागला नाही. “नवरा-बायकोचं भांडण आहे, मिटवून टाका.” पोलीस चौकीत, जातपंचायतीत, माहेरच्या ओसरीवर हे वाक्य आपण किती वेळा ऐकलं! ४९८-अ कलम १९८३ साली आलं, कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००५ साली. त्या साऱ्या खटपटीत आपण एकच गोष्ट सांगत होतो, की भांडण दोघांत होतं. दर वेळी मारणारा तोच आणि मार खाणारी तीच असेल, तर त्याला भांडण म्हणत नाहीत. शाळेच्या जिन्यावर मात्र आपणही तोच जुना शब्द वापरतो.

आता अवघड भाग. त्या मुलांचा म्होरक्या होता त्याची आईही आमच्याच शनिवारच्या बैठकीतली. नवऱ्याच्या मारहाणीपायी ती आमच्याकडे आली, याच गोलात बसून रडली. तिला विचारल्यावर ती म्हणाली, “माझा मुलगा तसा नाही. ती पोरगीच आगाऊ आहे.” मी थक्क झाले. हेच वाक्य तिची सासू तिच्याबद्दल बोलली होती.

आणि मी काय केलं? बैठक फुटू नये म्हणून दोन्ही आयांना आणि दोन्ही मुलांना समोरासमोर बसवलं. “सॉरी म्हण, हातात हात द्या.” मुलीनं जमिनीकडे बघत डावा हात पुढे केला, उजवा प्लास्टरमध्ये होता. मी समाधानानं घरी गेले. आठ दिवसांनी कळलं, तो गल्लीत तिला अडवून त्या ‘सॉरी’ची नक्कल करून दाखवतो. चौकीतल्या ज्या समझोत्यांना आपण नावं ठेवतो, तसाच एक समझोता मी स्वतःच्या हातानं घडवून आणला होता. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहायलाच हवं.

मुलांच्या हिंसेचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच टोकं दिसतात. डिसेंबर २०१२ मधल्या दिल्लीच्या घटनेतल्या सहाजणांपैकी एक अठरा वर्षांखालचा होता. त्याला सोडू नका म्हणून देश पेटला. न्यायमूर्ती वर्मा समितीनं वय सोळावर आणायला नकार दिला होता, तरी २०१५ च्या बाल न्याय कायद्यात सोळा ते अठरा वयाच्या मुलावर घोर गुन्ह्यासाठी मोठ्यांसारखा खटला चालवायची वाट ठेवली गेली. दुसरं टोक पुण्याचं. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाच्या मोटारीखाली एक तरुण आणि एक तरुणी गेली. त्याच दिवशी त्याला जामीन मिळाला, आणि अटींत होता अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध. लोक खवळले तेव्हा त्याची रवानगी निरीक्षणगृहात झाली. रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून पुढे डॉक्टरांना आणि त्याच्या आईवडिलांना अटक झाली. एकीकडे फाशीची भाषा, दुसरीकडे निबंध. ‘तू काय केलंस ते बघ, आणि आता त्याचं काय करणार ते सांग’ असं मुलाला कुणीच म्हणत नाही.

खरं तर बाल न्याय कायद्यात त्यासाठी जागा आहे. मंडळात दंडाधिकाऱ्याबरोबर दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांतली निदान एक स्त्री. समज देणं, समुपदेशन, समाजसेवा, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर देखरेखीखाली ठेवणं, तीन वर्षांपर्यंत विशेष गृह, असे आदेश ते देऊ शकतं. पण आमचा मुलगा अकरा वर्षांचा. सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य कायद्यानं गुन्हाच नव्हे, आणि सात ते बारा या वयात मुलाची समज किती हे बघावं लागतं. म्हणजे इथं चौकीचा उपयोग नाही. जे करायचं ते शाळेनं आणि घरानं.

मुख्याध्यापिकाबाईंनी मला विचारलं, “मारता येत नाही, काढून टाकता येत नाही. मग करायचं काय?” प्रश्न रास्त आहे. शिक्षण हक्क कायद्यानं २००९ साली दोन्ही गोष्टींना बंदी घातली, आणि मला ती योग्यच वाटते. छडी मारून आपण मुलाला एवढंच शिकवतो, की हातात छडी असेल त्याचं खरं. आणि काढून टाकलेला मुलगा दुसऱ्या शाळेच्या जिन्यावर जातो.

नॉर्वेत १९८२ च्या अखेरीस शाळेतल्या छळापायी तीन मुलांनी जीव दिला, तेव्हा सरकार हललं. डॅन ओल्वेयस या मानसशास्त्रज्ञानं बर्गेन शहरात सुमारे अडीच हजार मुलांबरोबर काम केलं. त्यानं केलेल्या गोष्टी साध्या आहेत. मधल्या सुट्टीत मोठ्या माणसांनी लक्ष ठेवायचं, वर्गात मुलांबरोबर बसून नियम ठरवायचे, नियमित बोलायचं, आणि त्रास देणाऱ्या मुलाशी व त्याच्या पालकांशी गंभीरपणे, पण वेगळं बसून बोलायचं. दोन वर्षांत छळाचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. छळाची त्याची व्याख्याही आपल्या ओळखीची आहे: मुद्दाम केलेला, पुन्हा पुन्हा केलेला, आणि दोघांची ताकद सारखी नसताना केलेला.

आम्ही दुसऱ्यांदा सुरुवात केली ती याच धड्यावर. मुलीला मुलासमोर बसवलं नाही. आधी तिला विचारलं, तुला काय हवं? ती म्हणाली, “मला माझा वर्ग परत पाहिजे. त्यांना हलवा.” इतकं साधं, आणि तोवर तिला कुणी विचारलंच नव्हतं. मुलाशी त्याच्या वर्गशिक्षिका आणि मी वेगळं बोललो. तिसऱ्या बैठकीत तो म्हणाला, “मी तिला ढकललं.” ‘ती पडली’ नव्हे. त्याचं बाकीचं बोलणं मी इथं लिहीत नाही. घरी बापाचा हात कसा उठतो हे तो रोज बघतो, एवढं सांगते.

पण म्हणून माफ करायचं का? आपल्या किती बायकांच्या नवऱ्यांनी लहानपणी हेच पाहिलं असेल! ते कारण आपण कधी सबब म्हणून मानलं नाही. मुलाच्या बाबतीत फरक एवढाच, की त्याला अजून वेळ आहे, आणि त्याची जबाबदारी त्याच्या एकट्याची नाही. त्याला तुकडी बदलावी लागली, मधल्या सुट्टीत सत्र संपेपर्यंत बाईंच्या नजरेसमोर राहावं लागलं. त्याच्या बापाला निरोप पाठवले. तो आला नाही. बापाची जागाही आईनंच भरून काढायची, हे ओझं मला टोचतं, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

एक गोष्ट आणखी. त्या वर्गात मऊ स्वभावाच्या एका मुलाला सगळे ‘बायल्या’ म्हणायचे. त्या शिवीत छळ त्याचा आणि अपमान आपला. मुलीही काही कमी नसतात. त्या ढकलत नाहीत, पण एकीशी बोलणं बंद करून तिला वाळीत टाकतात. रंग, आडनाव, आईचं धुण्याभांड्याचं काम, हे सारं मुलं आपल्याच तोंडून उचलतात.

म्हणून एक विनंती. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात असा नियम आहे, तिथं नुसती सही करून उठू नका. २०२२ साली शासनानं ‘सखी सावित्री’ समित्या नेमायला सांगितल्या. तुमच्या शाळेत ती आहे का, शेवटची कधी बसली, विचारा. आणि आपल्या मुलाची तक्रार घरी आली, तर ‘माझा मुलगा तसा नाही’ म्हणण्याआधी त्याला समोर बसवून काय झालं ते विचारा.

मुलगी शाळेत जाते आहे. जिना मात्र मैत्रिणीचा हात धरून उतरते. दोन्ही आया दोन-तीन शनिवार आल्याच नाहीत. मग मुलाची आई एकदा आली, आणि सगळ्यांदेखत म्हणाली, “त्यानंच ढकललं होतं. मला ठाऊक होतं.” नवऱ्याविरुद्ध तक्रार लिहून देतानाही तिचा आवाज इतका कापला नव्हता. तुमच्याकडचे अनुभव कळवा, फसलेले आधी. पुढच्या अंकात त्यावर बोलू.

– संपादक मंडळाच्या वतीने