शांतता आकाशासाठींच काय?

यंत्रांच्या बुद्धीनें आतां समुद्र वांचणार, असें आमच्या सुशिक्षित मंडळींत मोठ्या उत्साहानें बोललें जात आहे. पाण्यांत हायड्रोफोन सोडावे, त्यांनीं टिपलेले आवाज संगणकाच्या स्वाधीन करावे, देवमासा कोणता आणि जहाज कोणतें हें त्यानें निवडून द्यावें, कीं झालें समुद्ररक्षण! लोक ज्यास डेटा सायन्स म्हणतात त्या विद्येचा आम्हांस मुळींच तिटकारा नाहीं. परंतु ऐकणें आणि वांचविणें ही एकच क्रिया होय, अशी जी समजूत तिच्याबरोबर रूढ होऊं पाहत आहे, तिला विरोध करणें अवश्य आहे. त्या कामीं समुद्रापासून दूर असलेल्या जुन्नर व आंबेगाव तालुक्यांचाच दाखला आम्ही घेतों.

जुन्नर तालुक्यांत खोडदला जीएमआरटी या नांवानें प्रसिद्ध असलेली रेडिओ दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानें ती उभी राहिली. तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारें २५ किलोमीटरांच्या टापूंत पसरल्या असून दूरच्या तारकाविश्वांतून येणाऱ्या अतिक्षीण रेडिओलहरी त्या टिपतात. या लहरी इतक्या दुर्बळ, कीं जवळपासच्या यंत्रांच्या विद्युत्-गोंगाटांत त्या सहज बुडून जाव्या. म्हणून तबकड्या आणि संगणक देऊन सरकार थांबलें नाहीं. भोंवतालच्या उद्योगांवर त्यानें बंधनें घातलीं. इतकेंच काय, २०२४-२५ च्या सुमारास पुणें-नाशिक जलद रेल्वेचा नारायणगांवच्या बाजूनें जाणारा आराखडाहि दुर्बिणीस बाध येईल म्हणून रेल्वेखात्यानें बाजूस सारला. मंचर-नारायणगांवकडच्या लोकांची त्यावरील नाराजी खोटी नव्हे. शास्त्रज्ञांनीं तिला हंसूं नये. ऐकण्यासाठीं लागणारी शांतता फुकट मिळत नाहीं, हें या दोन तालुक्यांइतकें कोणास कळलें असेल?

आतां समुद्राकडे वळूं. पाण्यांत दोनशें मीटरांखालीं उजेड जेमतेमच पोंचतो. आवाज मात्र सेकंदाला सुमारें १५०० मीटर, म्हणजे हवेंतल्यापेक्षां चौपटीहून अधिक वेगानें धांवतो. देवमाशाचा बहुतेक संसार कानावर चालतो तो यामुळें. आमच्या अरबी समुद्रांतला हंपबॅक देवमासा तर जगावेगळा. इतरांप्रमाणें तो ध्रुवाकडे जात नाहीं, आणि सुमारें ७०,००० वर्षें आपल्या जातभाईंपासून अलग राहिला आहे, असें आनुवंशिक तपासणीवरून दिसतें. १९६६ च्या एका नोव्हेंबरांत सोव्हिएत शिकारी जहाजांनीं असे २३८ मारले. ओमानच्या बाजूस आतां शंभराच्या आंतबाहेर उरले असावेत. त्यांचें गाणें गोव्याच्या किनाऱ्याजवळहि टिपलें गेलें असून तो शोध २०१८ सालीं प्रसिद्ध झाला.

यंत्राचें सामर्थ्य आम्ही नाकारीत नाहीं. पॅसिफिकमध्यें अमेरिकन सरकारच्या नोआ या संस्थेनें १,८७,००० तासांचें ध्वनिमुद्रण केलें होतें. कोणी रात्रंदिवस ऐकत बसता तरी त्यास २१ वर्षें पुरलीं नसतीं! गूगलच्या मंडळींनीं त्या आवाजांचीं चित्रें बनवून त्यांतून गाणीं ओळखावयास संगणकास शिकविलें, आणि २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या या कामांत किंगमन रीफ येथें पूर्वीं कोणास ठाऊक नसलेलें हंपबॅकचें गाणेंहि सांपडलें. उत्तम! पण त्यानें एक तरी जहाज सावकाश चाललें काय?

उलट दुसरा दाखला पाहा. सप्टेंबर २००१ मध्यें न्यूयॉर्कवरील हल्ल्यानंतर कॅनडाच्या फंडी उपसागरांत जहाजांची ये-जा घटली, पाण्यांतील गोंगाट ६ डेसिबलांनीं उतरला, आणि तेथील राइट देवमाशांच्या विष्ठेंतील तणावदर्शक द्रव्यें कमी झालेलीं आढळलीं. हा गुण कोणत्याहि गणितानें आला नाहीं. इंजिनें थंड पडल्यानें आला. जहाजांचा गोंगाट कमी करण्याविषयीं आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनें २०१४ सालीं नियम काढले, पण तेहि ऐच्छिक. खोडदभोंवतींचीं बंधनें ऐच्छिक असतीं तर दुर्बिणीस काय ऐकूं आलें असतें?

वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजीं झाली. बंदर असावें कीं नसावें, हा वाद डहाणूचे कोळी लढत आहेत, आणि तो त्यांचा हक्क आहे. आमचें मागणें त्याहून लहान आहे. अशा प्रत्येक बांधकामाजवळ हायड्रोफोन कायमचे असावे, त्यांनीं टिपलेलें सर्वांस खुलें असावें, आणि आवाज ठरीव मर्यादेपलीकडे गेला कीं काम थांबविण्याचा, जहाजास वेग कमी करावयास लावण्याचा अधिकार कोणाच्या तरी हातीं असावा. यानें माल महाग होईल, असें कोणी म्हणेल. होईल. जुन्नरचीं द्राक्षें जहाजानेंच परदेशीं जातात. तीं दोन दिवस उशिरां पोंचतील. परंतु तो भार येथल्या बागाईतदारावर किंवा डहाणूच्या कोळ्यावर न टाकतां जहाजवाल्यांनीं आणि माल घेणारांनीं उचलावा. रेल्वेच्या बाबतींत आंबेगाव-जुन्नरच्या लोकांना कोणीं विचारलें नव्हतें. येथें निदान विचारावें.