आगाऊ तिकीट

'आगाऊ' या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत. एक, वेळेच्या आधी दिलेला. उदाहरणार्थ आगाऊ रक्कम, आगाऊ भाडे. दुसरा, नको तिथे पुढे पुढे करणारा. उदाहरणार्थ आमच्या सोसायटीचे चिटणीस. हे दोन अर्थ एकाच शब्दात गुण्यागोविंदाने कसे नांदतात, याचे मला बरीच वर्षे कोडे होते. युरोपला जायचे ठरले आणि ते सुटले. परदेशातल्या रेल्वेचे तिकीट तीन महिने आधी घरबसल्या काढून ठेवा, असे सांगणारा मनुष्य दोन्ही अर्थांनी आगाऊ असतो.

परदेशी जाणार म्हटल्यावर काय काय पाहणार, किती दिवस, आईला कुणाकडे ठेवणार, असे काहीतरी लोक विचारतील अशी माझी अपेक्षा होती. तसे कुणी विचारले नाही. सगळ्यांचा प्रश्न एकच. "ट्रेनची तिकिटं काढलीत का?" आमचे हेडकॅशियर स्वखर्चाने कर्जतच्या पुढे गेल्याचे कुणाच्या ऐकिवात नाही. तेही मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "आत्ताच काढून टाका हो, मागाहून तिप्पट होतात." तळमजल्यावरचे सीए म्हणाले, चौपट. स्टुटगार्टला असलेला माझा भाचा तर रोज रात्री फोन करू लागला. "मामा, रोम ते फ्लॉरेन्स आज एकोणीस नव्वदला आहे. उद्या बघशील तर एकोणतीस!" दुसऱ्या दिवशी मी बघितले, तर खरोखरच एकोणतीस युरो. भाचा खोटे बोलत नव्हता, हीच तर माझी तक्रार आहे.

अहो, रोम आणि फ्लॉरेन्समधले अंतर काल होते तेवढेच आज आहे. वेगवान गाडीने दीड तास. रूळ तेच, डबे तेच, इंजिनड्रायव्हरचा पगारही रातोरात वाढला नसावा. मग तिकीट कशाने वाढले? रेल्वेचे भाडे किलोमीटरवर असते, असे आम्ही लहानपणी अंकगणितात शिकलो. इथे ते किलोमीटरवर नसून प्रवाशाच्या धास्तीवर असते. जितका उशिरा जागा होशील तितका जास्त मोजशील! (आपल्याकडेही सप्टेंबर २०१६ मध्ये राजधानी, शताब्दी आणि दुरांतो गाड्यांना हे फॅड लागले. दर दहा टक्के जागा विकल्या गेल्या की भाडे दहा टक्क्यांनी वर. पण मूळ भाड्याच्या ठराविक पटीवर तेही दम खाते.)

बरे, स्वस्त तिकीट म्हणजे काय, हेही पाहून ठेवले पाहिजे. इटलीत वेगवान गाड्यांच्या तिकिटांत 'बेस', 'इकॉनॉमी' आणि 'सुपर इकॉनॉमी' अशा पायऱ्या आहेत. जर्मनीत 'श्पारप्राइस' आणि 'सुपर श्पारप्राइस'. 'सुपर' म्हटल्यावर आपल्याला वाटते, काहीतरी जास्त मिळत असणार. वस्तुस्थिती उलटी. नावात 'सुपर' आले की ते तिकीट परत करता येत नाही, असे समजावे. शिवाय ते एका ठराविक गाडीचे. ती चुकली की तिकिटाचा उपयोग पुस्तकात खूण ठेवायला, आणि तेही कागदावर छापून घेतले असेल तर. मोबाइलमध्ये असेल तर तेवढाही नाही. गाडीशी असे बांधून घालण्याला जर्मन भाषेत 'त्सूगबिंडुंग' असा शब्द आहे. उच्चारतानाच पायांत बेडी पडल्यासारखे वाटते. लग्नाला निदान घटस्फोटाची तरतूद आहे.

मी बी. कॉम. आहे आणि गेली बावीस वर्षे बँकेत कारकुनी करतो आहे, तेव्हा हा व्यवहार मी माझ्या भाषेत मांडून पाहिला. समजा, एक गिऱ्हाईक माझ्या काउंटरवर आले आणि तीन महिन्यांसाठी मुदत ठेव ठेवून गेले. मध्येच अडचण आली म्हणून ते ठेव मोडायला आले, तर आम्ही काय करतो? चेहरा वाईट करतो, दोन सह्या जास्त घेतो, व्याजात थोडी कपात करतो आणि त्याचे मुद्दल त्याच्या हातात ठेवतो. आता समजा, त्याऐवजी मी म्हणालो, "आजोबा, तुमची मुलगी बाळंतपणाला आली हे फार छान झालं. पण तुम्ही ठरल्या तारखेला सकाळी दहा पस्तीसला इथे हजर नव्हतात. सबब मुद्दल बँकेचं!" त्या आजोबांनी मला काउंटरवरून बाहेर ओढले असते, आणि युनियनसुद्धा माझ्या मदतीला आली नसती. जे बँकेने केले तर दरोडा ठरते, ते रेल्वेने केले की 'ऑफर' ठरते.

सीएंना हे पटले नाही. ते म्हणाले, "तुम्ही लवकर पैसे देता म्हणून ते तुम्हाला सूट देतात. सूट म्हणजेच व्याज." हे मी मान्य करतो. तीन महिन्यांत पन्नास युरोंचे तिकीट वीसला मिळत असेल, तर एवढे व्याज कोणतीच बँक देत नाही. जी देते तिच्यात पैसे ठेवू नयेत. पण सीए एक गोष्ट विसरतात. हे व्याज जो जाणार हे नक्की आहे त्याच्यासाठी आहे. फ्लॉरेन्सच्या मनुष्याला रोमला जायचे असेल तर त्याला काय आडवे येणार? ताप, पाऊस, फार तर सासू. डोंबिवलीच्या मनुष्याला रोमला जायचे असेल तर त्याला आधी व्हिसा लागतो.

इथे खरी गंमत आहे. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या फार तर सहा महिने आधी करता येतो. करता येतो म्हणजे नियमात. अपॉइंटमेंट मिळणे ही वेगळी तपश्चर्या. अर्जासोबत हॉटेलची बुकिंगे, विम्याचा कागद, बँकेचा उतारा आणि कुठून कुठे जाणार याचा आराखडा जोडायचा. फी माणशी ९० युरो. जून २०२४ पर्यंत ८० होती. व्हिसा मिळो न मिळो, ती परत नाही. निर्णय साधारण पंधरा दिवसांत, पण पंचेचाळीस दिवसांपर्यंत लांबू शकतो. तोवर पासपोर्ट त्यांच्याकडे आणि जीव टांगणीला. मिळण्यापूर्वी परत न होणारी तिकिटे काढू नका, असा शहाणपणाचा सल्ला बऱ्याच वकिलाती स्वतःच देतात. म्हणजे एक सांगतो, आधी काढू नका. दुसरा सांगतो, आधी काढलेत तरच स्वस्त.

आणि हे एक आणि दुसरा कोण? इटलीची सरकारी रेल्वे इटलीच्या सरकारची. जर्मनीची जर्मन सरकारची. फ्रान्सची फ्रेंच सरकारची. व्हिसा देणारेही तेच. एका खिडकीवर सरकार म्हणते, "तुम्ही येऊ नका." दुसऱ्या खिडकीवर तेच सरकार म्हणते, "तुम्ही आला नाहीत, तिकीट बुडाले." दोन्ही खिडक्यांवरचे पैसे मात्र एकाच घरात राहतात. आमच्या डोंबिवलीत ज्याने जेवायला बोलावले त्यानेच दारातून परत पाठवले, तर निदान आहेराचे पाकीट ठेवून घेत नाहीत.

यावर उपाय नाही, असे कुणी म्हणू नये. शेंगेन देशांत व्हिसा नाकारल्याचे पत्र एकाच ठराविक नमुन्यात मिळते. कारणांच्या पुढे चौकोन असतात, त्यांत खूण केलेली असते. कारकुनाला याहून सोयीचा कागद जगात दुसरा नसेल. तो जोडून अर्ज केला की तिकिटाचे पैसे, हवे तर पाच युरो कापून, परत द्यायचे. एवढेच! नियमाची एक ओळ. आपल्या रेल्वेला आपण उठता बसता नावे ठेवतो. पण घरबसल्या काढलेले वेटिंग लिस्टचे तिकीट शेवटपर्यंत वेटिंगलाच राहिले, तर थोडे कापून बाकीचे पैसे ती आपण न मागता खात्यात टाकते. जागा मिळाली नाही हा तुझा दोष नव्हे, एवढे तिला कळते. (तत्काळच्या कन्फर्म तिकिटाबद्दल मी इथे बोलत नाही. घरच्या गोष्टी चारचौघांत काढू नयेत.)

भाच्याचे म्हणणे असे की मला आगाऊ तिकीट ही कल्पनाच सहन होत नाही. हे साफ खोटे आहे. मी स्वतः बावीस वर्षे डोंबिवली ते ठाणे आगाऊ तिकिटावर प्रवास करतो आहे. त्याला पास म्हणतात. तीन महिन्यांचे पैसे मी रेल्वेला आधी मोजून देतो. पण ८.१७ चुकली तर मी ८.२६ पकडतो आणि ८.२६ मध्ये पाय ठेवायला जागा नसेल तर त्याच्या पुढची. "तुम्ही ८.१७ चे आहात, उतरा खाली," असे आजवर एकाही टीसीने मला म्हटलेले नाही. पैसे आधी घ्या, पण माणूस मोकळा ठेवा, एवढेच माझे मागणे आहे.

बरे, माणसाला गाडीशी बांधायचे तर गाडी तरी वेळेशी बांधलेली हवी. जर्मनीत लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी २०२४ साली वेळेवर पोचल्या त्या ६२.५ टक्के. त्यातही सहा मिनिटांच्या आतला उशीर ते उशीरच धरत नाहीत. ६२.५ टक्के म्हणजे आमच्या वेळी फर्स्ट क्लास, आणि बी. कॉम.ला मला तेवढे मिळाले नव्हते, म्हणून मी जास्त बोलत नाही. शिवाय न्यायाने सांगायचे तर एकाच तिकिटावरच्या प्रवासात त्यांच्या गाडीला उशीर होऊन तुमची पुढची गाडी चुकली, तर ती बेडी सुटते. तासभर उशीर झाला तर युरोपियन कायद्याने भाड्याचा पाव भाग परत मिळतो, दोन तास झाला तर निम्मा. पण हिशेब मांडून पाहा. त्यांना दोन तास उशीर, निम्मे परत. मला दोन मिनिटे उशीर, सगळे गेले. ही कोणती दुहेरी नोंद पद्धती?

तिकिटे काढण्याचा जो सोहळा असतो त्याविषयी थोडक्यात. एका संकेतस्थळाने हिचे आडनाव विचारले, मग नाव विचारले आणि पासपोर्टात मध्ये असलेले माझे नाव कुठे घालायचे ते सांगितलेच नाही. ही म्हणाली, "अहो, तिथे तरी मला एकटीला जाऊ द्या." मग कार्ड चालेना. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नवे कार्ड परदेशी व्यवहारांना बंदच असते आणि ते आपण चालू करून घ्यावे लागते. हे मी रोज दहा गिऱ्हाइकांना समजावतो. ते चालू करून पुढे गेलो, तर युरोच्या दरावर बँकेचा अधिभार आणि अधिभारावर अठरा टक्के जीएसटी. म्हणजे एकोणीस नव्वद हे एकोणीस नव्वद नव्हतेच. शेजारच्या वाण्याकडून चाळीस रुपयांचे बटाटे मागवले तर ओटीपी येतो, आणि इथे, निदान त्या एका ठिकाणी, हॉटेलचे शेकडो युरो कुणी "कोण आहे?" असेही न विचारता निघून गेले.

आमचा व्हिसा निघण्याच्या नऊ दिवस आधी आला. तोवर वेगवान गाडी पंचावन्न युरोंवर जाऊन बसली होती. भाचा फोनवर "बघ, सांगत होतो ना" म्हणाला नाही, पण त्याचे न म्हणणे मला स्टुटगार्टहून स्पष्ट ऐकू आले. मी पंचावन्नचे तिकीट काढले नाही. वीसचेही काढले नव्हते. कारण याच मार्गावर इटलीत एक गरीब गाडी धावते, तिचे नाव 'रेजोनाले'. आपल्या भाषेत पॅसेंजर. तिचे भाडे तीन महिने आधी जेवढे, तेवढेच गाडी सुटण्याच्या पाच मिनिटे आधी. आरक्षण नाही, नंबर नाही, धास्ती नाही. माणशी पंचवीस युरोंच्या आत काम झाले. कागदी तिकीट असेल तर चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्यायचा, नाहीतर दंड. शिक्का मारण्याच्या कामात मी कच्चा नाही.

वेळ चार तासांच्या आसपास लागतो. वाटेत टेकडीवरचे ओर्व्हिएतो दिसते, मग क्युसी, तेरोंतोला, अरेत्सो. दर स्टेशनावर कुणीतरी उतरते, कुणीतरी चढते. एक आजीबाई टोपली घेऊन आमच्या समोर बसल्या. हिने त्यांना घरून आणलेली दशमी दिली, त्यांनी आम्हाला जर्दाळू दिले. चार तासांत एकमेकींचा एकही शब्द न कळता दोघींनी आपापल्या सुनांविषयी बोलून घेतले असावे. आम्हाला सून नाही, पण सूर मला ओळखता येतो.

स्वित्झर्लंडमध्येही साधे तिकीट असेच निघाले. भाव ठरलेला, त्या दिवशी त्या मार्गावरची कुठलीही गाडी पकडा. सूट हवी असेल त्याने आधी काढावे. नको असेल त्याला शिक्षा नाही. भाव वाचून पोटात गोळा येतो, पण तो सगळ्यांना सारखाच येतो.

परत आल्यावर भाच्याने सगळा हिशेब मांडून मला पाठवला. त्याच्या मते वेगवान गाडी सोडून मी अडीच तास वाया घालवले आणि माझ्या पगाराच्या दराने त्याची किंमत काढली, तर मी तोट्यात गेलो. मी त्याला कळवले की त्या दिवशी माझी भरपगारी रजा होती.