समजून घ्या : बाळ अंगावर पीत असताना वजन घटवण्याचे औषध घ्यावे का?

धडगावला पोहोचायचे तर सातपुड्याचा घाट चढावा लागतो. मोबाइलवरच्या जाहिरातीला घाट लागत नाही. बाळंतपणानंतर सुटलेले पोट महिनाभरात आत, जेवण न सोडता वजन कमी, आठवड्यातून एकच इंजेक्शन, अशा थाटाच्या जाहिराती मुंबई-पुण्यातल्या फोनवर दिसतात तशाच अक्राणी तालुक्यातल्या फोनवरही दिसतात. पाहणारीच्या मांडीवर दोन महिन्यांचे बाळ आहे की नाही, हे जाहिरातीला ठाऊक नसते.

म्हणून प्रश्न सरळ विचारू. बाळ अंगावर पीत असताना वजन घटवण्याचे औषध घेणे सुरक्षित आहे का?

थोडक्यात उत्तर : केवळ वजन कमी करण्यासाठी या काळात औषध घेऊ नये. मधुमेहासाठी कोणी असे औषध घेत असेल, तर ते चालू ठेवायचे की बदलायचे हे डॉक्टरांना विचारून ठरवावे. आणि औषध घेता यावे म्हणून बाळाचे दूध तोडणे, हा तर सर्वांत चुकीचा मार्ग.

चर्चा कोणत्या औषधांची?

सध्या बोलबाला आहे तो सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपाटाइड या दोन औषधांचा. दोन्ही मुळात मधुमेहाची औषधे. जठर हळू रिकामे होते, मेंदूला पोट भरल्याचा निरोप जातो आणि भूक मरते. खाणे कमी झाले की वजन उतरते. टिर्झेपाटाइड ‘माउंजारो’ या नावाने मार्च २०२५ मध्ये भारतात आले. वजनासाठीचे सेमाग्लुटाइड ‘वेगोव्ही’ या नावाने जून २०२५ मध्ये आले. सेमाग्लुटाइडचे भारतातले पेटंट मार्च २०२६ मध्ये संपले आणि देशी कंपन्यांचा मार्ग मोकळा झाला. औषध स्वस्त होणे मधुमेहींसाठी चांगलेच. पण जे स्वस्त होते ते तालुक्याच्या मेडिकलपर्यंतही लवकर पोहोचते.

याशिवाय ऑर्लिस्टॅट ही जुनी गोळी आहे. ती अन्नातली चरबी अंगाला लागू देत नाही. फेंटरमाइन हे भूक मारणारे आणखी एक जुने औषध. आणि चौथा प्रकार म्हणजे ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पावडरी, चहा आणि कॅप्सूल. त्यांच्याकडे पुढे येऊ.

औषध दुधात उतरते का?

इंजेक्शनच्या सेमाग्लुटाइडचा रेणू आकाराने मोठा असतो आणि रक्तातल्या प्रथिनाला घट्ट चिकटून राहतो. त्यामुळे तो दुधात फारसा उतरणार नाही, असा तज्ज्ञांचा अंदाज होता. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आठ मातांचे दूध इंजेक्शननंतरच्या २४ तासांत तपासले गेले. मोजता येईल इतके औषध त्यात सापडले नाही.

ही बातमी दिलासा देणारी आहे, पण ती परवानगी नव्हे. माता फक्त आठ होत्या. हे औषध रक्तात सर्वाधिक प्रमाणात असते ते पहिल्या ते तिसऱ्या दिवसादरम्यान, आणि ते शरीरातून जायला कित्येक आठवडे लागतात. महिनोन्‌महिने औषध घेणाऱ्या आईच्या बाळाची वाढ कशी होते, हे इतक्या छोट्या अभ्यासातून कळत नाही. ब्रिटनच्या औषध नियामकाने २०२५ मध्ये स्पष्ट सांगितले, की गरोदरपणात आणि अंगावर पाजण्याच्या काळात ही औषधे घेऊ नयेत.

गोळीची गोष्ट आणखी वेगळी. तोंडाने घ्यायच्या सेमाग्लुटाइडमध्ये, म्हणजे ‘रायबेल्सस’मध्ये, औषध शोषले जावे म्हणून एक जास्तीचा घटक घातलेला असतो. तो बाळाच्या अंगात साठू शकतो. त्यामुळे ही गोळी घेत असताना बाळाला अंगावर पाजू नये, अशी सूचना अमेरिकेतल्या माहितीपत्रकातच आहे. फेंटरमाइनही पाजणाऱ्या आईला वर्ज्य आहे. ऑर्लिस्टॅट आईच्या रक्तात फारसे जात नाही, पण त्यामुळे अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे शोषली जात नाहीत. बाळ ज्या दुधावर जगते, त्या दुधाची शिदोरीच त्यामुळे कमी होऊ शकते.

दुधात न उतरताही धोका कसा?

सगळी चर्चा ‘दुधात उतरते का’ याच प्रश्नाभोवती फिरते. खरा प्रश्न त्याच्या आधीचा आहे : आई पुरेसे जेवते का?

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार पहिले सहा महिने पाजणाऱ्या आईला नेहमीपेक्षा रोज ६०० कॅलरी आणि सुमारे १७ ग्रॅम प्रथिने जास्त लागतात. पुढच्या सहा महिन्यांत ५२० कॅलरी जास्त लागतात. औषधाचे काम नेमके याच्या उलट. ते भूकच मारते. मळमळ, उलटी, जुलाब हे त्याचे नेहमीचे त्रास. जेवण कमी, पाणी कमी, वर उलट्या. अशा वेळी आधी आईचे अंग झिजते. तिचा लोह-कॅल्शियमचा साठा खर्च होतो, थकवा वाढतो आणि पुढे दुधावरही परिणाम होऊ शकतो.

धडगावात हा धोका मोठा का?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत नंदुरबार जिल्ह्यातली पाच वर्षांखालची निम्म्याहून जास्त मुले वयाच्या मानाने कमी वजनाची आढळली. याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २०.८ टक्के स्त्रिया कृश, तर २३.४ टक्के स्त्रिया जास्त वजनाच्या होत्या. म्हणजे दोन्ही टोके एकाच राज्यात आहेत. ‘अमृत आहार’ योजनेतून गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचे चौरस जेवण २०१५ पासून दिले जाते, ते आदिवासी भागातल्या आईच्या ताटात कमी पडते म्हणूनच. एका हाताने सरकार तिचे ताट भरते आणि दुसऱ्या हातातला फोन तिला जेवू नको म्हणतो.

दुसरे कारण सिकलसेल. नंदुरबारच्या भिल्ल, पावरा समाजात हा आजार बऱ्याच घरांत आहे. सिकलसेलच्या रुग्णाच्या अंगातले पाणी कमी झाले की असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. उलट्या-जुलाब करणारे कोणतेही औषध, पोट साफ करणारा ‘स्लिमिंग’ चहासुद्धा, अशा स्त्रीला थेट दवाखान्यात नेऊ शकते. आणि इथल्या कितीतरी पाड्यांवरून दवाखाना गाठणे ही दिवसभराची गोष्ट असते. नर्मदेच्या काठावरच्या गावांसाठी तर तरंगता दवाखाना चालवावा लागला.

तिसरे कारण बाटली. औषधासाठी आईने अंगावरचे दूध तोडले, तर बाळाला पावडरचे किंवा पाणी घातलेले वरचे दूध मिळते. पाणी उकळलेले नसेल, बाटली नीट धुतलेली नसेल, तर जुलाब ठरलेले. जिथे कुपोषण आधीच दारात उभे आहे, तिथे हा सौदा परवडणारा नाही.

इंजेक्शनचे पेन २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते, हेही लक्षात घ्या. वीज गेली आणि फ्रिज बरेच दिवस बंद राहिला, की औषधाचा भरवसा राहत नाही.

‘नैसर्गिक’ पावडर तरी चालेल ना?

नाही. सिब्युट्रामिन या औषधाने हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो, म्हणून भारताने त्यावर २०११ मध्ये बंदी घातली. तेच औषध ‘हर्बल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वजनाच्या कॅप्सूलमध्ये लपवलेले असल्याचे अमेरिकी औषध नियामकाला पुन्हा पुन्हा आढळले आहे. डब्यावर त्याचे नाव नसते. पाजणाऱ्या आईला आपण काय खातो आहोत हेच कळत नाही.

कायदाही ठाऊक असू द्या. १९५४ च्या औषधे आणि जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या यादीत लठ्ठपणाचे नाव आहे. औषधाने लठ्ठपणा बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात हा गुन्हा आहे, मग ती भिंतीवर असो की रीलमध्ये.

औषध आधीच घेतले असेल तर?

घाबरू नका आणि लपवू नका. वजनासाठी घेत असाल तर पुढचा डोस घेऊ नका. मधुमेहासाठी घेत असाल तर मनाने बंद करू नका, आधी डॉक्टरांना विचारा. इंजेक्शन घेतले म्हणून बाळाला एकदम अंगावरून तोडू नका. सेमाग्लुटाइडची गोळी किंवा फेंटरमाइन घेतली असेल, तर पाजण्याबद्दल त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. औषधाचे पाकीट सोबत न्या.

बाळाकडे लक्ष ठेवा. ते नीट पिते का, दिवसातून सहा वेळा तरी लघवी करते का, अंगणवाडीतल्या काट्यावर वजन वाढते का? बाळ सुस्त वाटले, पिईनासे झाले किंवा लघवी कमी झाली, तर थांबू नका. घाट उतरणे शक्य नसेल तर ई-संजीवनीवर डॉक्टरांचा सल्ला मोफत मिळतो. औषधाचा त्रास झाल्यास १८००-१८०-३०२४ या राष्ट्रीय टोल फ्री क्रमांकावर कळवता येते.

आणखी एक. टिर्झेपाटाइडमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होऊ शकतो. सेमाग्लुटाइड तर दिवस राहण्याआधी किमान दोन महिने बंद करावे लागते. पाळणा लांबवायचा असेल तर ही गोष्ट सांगायला विसरू नका.

मग वजन कमी करायचेच नाही का?

करायचे, पण घाई करायची नाही. पहिले सहा आठवडे अंग सावरू द्या. त्यानंतर आठवड्याला अर्धा किलोपर्यंत वजन उतरले तरी धडधाकट आईच्या दुधावर परिणाम होत नाही, असे अभ्यास सांगतात. ज्वारी-मक्याची भाकरी, उडीद-तुरीची डाळ, पालेभाजी, अंडी हे जेवण सोडू नका. बिस्किटे, कुरकुरे, गोड चहा आणि थंड पेये सोडा. वजन कारण नसताना वाढत असेल तर थायरॉइड आणि साखर तपासून घ्या. मधुमेहासाठी औषध लागलेच, तर मेटफॉर्मिनसारखे, दुधात फार थोडे उतरणारे आणि अनेक वर्षे वापरात असलेले पर्याय डॉक्टरांकडे आहेत.

कोणी काय करायचे?

सगळा भार आईच्या शहाणपणावर टाकून चालणार नाही. मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय ही औषधे देऊ नयेत आणि चिठ्ठी असली तरी ‘बाळ अंगावर आहे का’ एवढे विचारावे. अन्न व औषध प्रशासनाने तालुक्याची दुकानेही तपासावीत. आशाताईंच्या गृहभेटीत लोहाच्या गोळ्यांच्या प्रश्नाबरोबर ‘वजनासाठी काही घेता का’ हा प्रश्न यावा, आणि तो पावरी-भिलोरीत विचारला जावा. घरच्यांनीही बाळंतिणीच्या अंगाला नावे ठेवणे थांबवावे. पुष्कळ गोळ्यांची सुरुवात तिथूनच होते.

ही औषधे वाईट नाहीत. ज्यांना मधुमेह किंवा घातक लठ्ठपणा आहे, त्यांच्यासाठी ती मोठा आधार आहेत, आणि धडगावच्या आईलाही कधी त्यांची गरज पडू शकेल. ती वेळ बाळाचे अंगावरचे दूध सुटल्यावरची आहे. तोवर आईच्या ताटातली भाकरी कमी होता कामा नये.