बोयेरची पंचवीस वर्षे

सरकारी नोकरीत नव्याने रुजू झालेल्या अधिकाऱ्याला वडीलधारे सहकारी एक कानमंत्र हमखास देतात : आपल्या कारकिर्दीत गडबड होता कामा नये. दंगा नाही, मोर्चा नाही, विधिमंडळात प्रश्न नाही, म्हणजे कारकीर्द यशस्वी. पुष्कळ इतिहासकारही राज्यकर्त्यांना याच मापाने मोजतात. हैतीचा राष्ट्राध्यक्ष झाँ-पिएर बोयेर याला या मापाने उत्तम गुण मिळतात. १८१८ ते १८४३ अशी पंचवीस वर्षे तो सत्तेवर होता. एकोणिसाव्या शतकातील हैतीत इतका काळ दुसरा कोणीही टिकला नाही. हे गुण त्याला देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याच्या जमेच्या बाजू आधी सांगतो. जन्म १७७६ चा, पोर्त-ओ-प्रँसमधला. वडील फ्रेंच शिंपी, आई आफ्रिकी वंशाची. गुलामांनी बंड करून फ्रेंच सत्ता उलथवली आणि १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाला. पुढे त्याची उत्तर व दक्षिण अशी दोन शकले झाली. दक्षिणेचा अध्यक्ष पेतियाँ १८१८ मध्ये वारल्यावर बोयेर त्याच्या जागी आला. १८२० मध्ये उत्तरेचा राजा क्रिस्तोफ याने आत्महत्या केली, तेव्हा बोयेरने उत्तर जोडून घेतली. १८२२ मध्ये पूर्वेकडील सांतो दोमिंगोही घेतले. सारे बेट एका निशाणाखाली आले. हे कर्तृत्व लहान नव्हे.

मग उजाडले १८२५ साल. फ्रान्सचा राजा दहावा शार्ल याचा फतवा घेऊन बॅरन द मॅको जुलैमध्ये पोर्त-ओ-प्रँसला आला. सोबतीला चौदा युद्धनौका आणि पाचशेंवर तोफा. स्वातंत्र्याला मान्यता हवी असेल, तर जुन्या मळेवाल्यांच्या नुकसानीपोटी १५ कोटी फ्रँक पाच वार्षिक हप्त्यांत भरा आणि फ्रेंच जहाजांना निम्मी जकात माफ करा, अशी मागणी होती. त्या ‘नुकसानी’त गुलाम म्हणून राबलेल्या माणसांची किंमतही धरलेली होती! बोयेरने मान्यता दिली. पहिल्या हप्त्यासाठी पॅरिसच्याच सावकारांकडून ३ कोटींचे कर्ज काढले; सावकारांनी ६० लाख आधीच कापून घेतले आणि हातात पडले २ कोटी ४० लाख.

बोयेरचे कैवारी येथे विचारतात, की तोफा रोखलेल्या असताना त्याने दुसरे काय करायचे होते? हा प्रश्न रास्त आहे. त्या सहीबद्दल मी त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करणार नाही. माझा आरोप त्याच्या पुढच्या सहीबद्दल आहे.

ती सही १८२६ च्या ग्रामीण संहितेवर झाली. या कायद्याने शेतमजुराला मळ्याशी जखडून टाकले. परवान्याशिवाय त्याने गाव सोडून शहरात राहायचे नाही. मुलाला शिकायला किंवा धंद्याच्या उमेदवारीला शहरात धाडायचे, तरी परवाना. मळेवाल्याशी दीर्घ मुदतीचा करार केलाच पाहिजे; करार नसलेला माणूस भटक्या ठरून पोलिसांच्या हवाली. आणि सर्वांत बोलके कलम असे, की एका मळ्यावरील मजुरांनी भागीदारी करून तो मळा स्वतः चालविण्यासाठी विकत किंवा खंडाने घ्यायचा नाही. या कलमाने खजिन्यात एक छदाम तरी भर पडली असती काय? मजूर एकत्र येऊन मालक होतील, ही धास्ती दहाव्या शार्लला नव्हती. ती पोर्त-ओ-प्रँसमधल्या मळेवाल्यांना, सेनाधिकाऱ्यांना आणि त्यांच्यातूनच आलेल्या अध्यक्षाला होती. मॅकोच्या तोफांनी हे कलम लिहून घेतलेले नाही.

या कायद्याचे इंग्रजी भाषांतर १८२७ मध्ये लंडनमध्ये छापले गेले. गुलामगिरीच्या समर्थकांना आयतेच कोलीत मिळाले : पाहा, स्वतंत्र कृष्णवर्णीयांचे सरकारसुद्धा त्यांना सक्तीनेच राबवते! ब्रिटिश वसाहतींत गुलामगिरी उठल्यावर तिची जागा करार आणि परवाना यांनीच घेतली. मॉरिशसला गिरमिटिया म्हणून गेलेल्या मराठी कुटुंबांच्या वंशजांना हे मी समजावून सांगायला नको. तेथेही परवाना जवळ नसलेला मजूर ‘भटक्या’ म्हणून तुरुंगात जाई. फरक इतकाच, की तेथे सही परक्या साहेबाची होती.

बरे, ही संहिता यशस्वी झाली काय? मुळीच नाही. माणसे डोंगरात निघून गेली, लहानलहान तुकड्यांवर कॉफी आणि पोटापुरते धान्य पिकवू लागली. मळे पुन्हा उभे राहिले नाहीत. मग कॉफीच्या निर्यातीवरील कर हाच सरकारचा आधार उरला, म्हणजे बोजा पुन्हा त्याच शेतकऱ्याच्या पाठीवर. १८३८ मध्ये फ्रान्सने उरलेली रक्कम ६ कोटींवर आणली. पण विरोधी प्रतिनिधींना सभागृहाबाहेर काढण्याची बोयेरची रीत चालूच राहिली. १८४२ च्या भूकंपात काप-हाईसिएँ उद्ध्वस्त झाले. १८४३ च्या आरंभी दक्षिणेत बंड झाले आणि मार्चमध्ये बोयेर जमैकाला पळाला. १८५० मध्ये तो पॅरिसमध्ये वारला. २७ फेब्रुवारी १८४४ रोजी सांतो दोमिंगोही वेगळे झाले. पंचवीस वर्षांची ती ‘स्थिरता’ वर्षभरही पुरली नाही.

दंड आणि त्यापायी झालेली कर्जे मात्र १९४७ पर्यंत फिटत राहिली. फतव्याला दोनशे वर्षे झाली, तेव्हा एप्रिल २०२५ मध्ये फ्रान्सच्या अध्यक्षांनी या इतिहासाच्या अभ्यासासाठी दोन्ही देशांचा संयुक्त आयोग जाहीर केला. फ्रान्सचा हिशेब झालाच पाहिजे. पण त्या हिशेबाच्या आड बोयेर लपता कामा नये.

वरून आलेला अन्यायकारक हुकूम अडवणे प्रत्येक अधिकाऱ्याच्या हाती नसते, हे मी जाणतो. पण तो खाली उतरवताना त्याचा भार कोणावर टाकायचा, हे पुष्कळदा त्याच्याच हाती असते. बोयेरने तो भार जे बोलू शकत नव्हते त्यांच्यावर टाकला, आणि त्यांच्या गप्प राहण्याला शांतता म्हटले. आपल्या जिल्ह्यात ‘सर्वत्र शांतता आहे’ असा अहवाल वर धाडण्यापूर्वी ती शांतता कोणत्या जातीची आहे, एवढे तरी आपण विचारावे.