आराखड्याची वही कोणाच्या कुलुपात?

“खातेवही भाड्याने देतो, भाडे थकले की तिला कुलूप लावीन,” असे म्हणणारा गृहस्थ ग्वाल्हेरच्या कोणत्याही जुन्या पेढीवर आला, तर त्यास कोणी बसूही देणार नाही. मग बानमोर अथवा मालनपूर येथे ज्या सभासद-बंधूंचे कारखाने आहेत, त्यांनी यंत्रभागांच्या आराखड्यांसाठी ‘कॅड’ सॉफ्टवेअर घेताना हीच अट निमूटपणे का मानावी? ऑटोडेस्क कंपनीने तर २०१६ साली कायमच्या परवान्यांची विक्री थांबवून वर्गणीची पद्धत स्वीकारली.

पूर्वी कागदी नकाशा प्रमाण असे. ‘मॉडेल-आधारित’ पद्धतीत त्रिमितीय आकृतीच प्रमाण. मापे, टॉलरन्स, धातू, पृष्ठभागाची सफाई, सारे तिच्यातच नोंदलेले. ती उघडली नाही, तर कारखान्यापाशी उरते काय? शिंदे दरबारचे मोडी कागद आठवावेत: कागद शाबूत, शाई शाबूत, वाचणारे मोजके.

एअरबसच्या ए-३८० विमानाची कथा याहून बोलकी आहे. हॅम्बुर्ग व तुलूझ येथील अभियंते ‘कॅटिया’ या एकाच सॉफ्टवेअरच्या दोन निरनिराळ्या आवृत्त्यांवर काम करीत होते. जोडणीच्या वेळी तारांचे जुडगे आखूड पडले; २००६ साली हा घोळ उघड झाला आणि विमाने सुमारे दोन वर्षे लांबणीवर पडली. एवढ्या धनाढ्य संस्थेची ही गत!

तेव्हा विक्रेत्याच्या पडद्यावर फिरणाऱ्या रंगीत आकृतीस भुलू नये (ती सर्वांचीच फिरते). आपलाच एखादा अवघड भाग त्यास द्यावा. तो ‘स्टेप’ या खुल्या आंतरराष्ट्रीय स्वरूपात, त्यातही २०१४ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या ‘एपी २४२’ मध्ये काढून घ्यावा व दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून पाहावा. आकार आला पण टॉलरन्स गळाले, तर सौदा तेथेच थांबवावा.

मोठे गिऱ्हाईक स्वतःच्याच सॉफ्टवेअरची फाईल मागते, हा आक्षेप खरा आहे. तेथे त्याचेच घ्यावे लागते. शिवाय ‘स्टेप’मध्ये आकृती घडविल्याचा क्रम सहसा येत नाही, त्यामुळे मागाहून फेरफार करणे जिकिरीचे होते. तरीही काम पुरे होताच एक खुली प्रत आपल्याकडे ठेवण्याची मुभा करारातच लिहून घ्यावी. साध्या जिग-फिक्स्चरसाठी फ्रीकॅड विनामूल्य मिळते, त्याची १.० आवृत्ती २०२४ साली निघाली. घरच्या मुलांचा हात आधी त्यावर बसू द्यावा.